तयार सेन्सरी कपडे की शिंप्याकडचे?

ऑटिझम असलेल्या मुलाला कॉलर टोचते म्हणजे काय होतं, ते घरात रोज पाहणाऱ्यांना सांगायला नको. हा हट्ट नव्हे. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तिकेत (२०१३) संवेदनांची ही तीव्रता निदानाच्या निकषांतच घेतली आहे. प्रश्न उरतो तो न टोचणारे खास ‘सेन्सरी’ कपडे ऑनलाइन मागवायचे की इथे इंदुरात शिवून घ्यायचे, एवढाच. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

सुरुवातीला तयार कपडेच आवडले. चपट्या शिवणी, लुसलुशीत कापड, लेबल नाही. पहिल्या दिवशी मुलगा टी-शर्ट न ओढता पूर्ण जेवला. मोजे तर अजून तयारच घेतो. बोटांवरची शिवण टाळणं शिंप्याच्या हातात नाही. घट्ट, दाब देणारी बनियन काही मुलांना हवीशी वाटते म्हणतात. आमच्या मुलाला मे महिन्याच्या उकाड्यात ती सोसवली नाही. तुमच्या मुलासाठी थेरपिस्टला विचारूनच ठरवा.

बिघडलं ते मानेपाशी. लेबल नसलं तरी माप आणि धुण्याच्या खुणा आतून छापलेल्या असतात. दोन-अडीच महिन्यांत त्या छपाईला भेगा पडल्या, कडा उचलल्या. बोट फिरवलं की वाळलेल्या डिंकासारखी खरखर लागायची. मुलगा फारसा बोलत नाही. तो मान खांद्यांत ओढून घ्यायचा. एक दिवस शाळेच्या रिक्षातच त्याने टी-शर्ट काढला. पुढचं माप मागवलं, तर कापडच वेगळं आलं.

तेव्हा आई म्हणाली, "तान्ह्याला आपण झबलं उलटं घालतोच की!" मग क्लॉथ मार्केटमधून कॅम्ब्रिक हे मऊ सुती कापड आणलं, तीनदा धुतलं आणि मास्टरजींना सांगितलं: शिवण बाहेर, दोरा सुती. नायलॉनच्या दोऱ्याचं कापलेलं टोक तारेसारखं रुततं. "भाईसाब, उल्टा दिखेगा," ते म्हणाले. दिसू दे! पहिले दोन सदरे वाया गेले, लग्नसराईत ताटकळावंही लागलं. पण आता गळपट्टीचा जोड ते आपणहून मानेवरून खांद्यावर घेतात. कापड जास्तीचं घेऊन ठेवलंय, त्यामुळे माप वाढलं तरी स्पर्श तोच राहतो, आणि आमच्या मुलाला तोच लागतो.

जूनमध्ये गणवेशही असाच शिवला. वर्गातल्या बाईंनी बाहेरची शिवण पाहिली, आणि त्याची कॉलर हलकेच सरळ केली. तो बसून राहिला.