डाऊन स्लीपिंग बॅग : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गाडीने केलेले लांबचे प्रवास, जंगलातले मुक्काम आणि हिमरेषेजवळचे तळ या सगळ्या ठिकाणी मी गेले काही महिने ७०० फिल पॉवरची (म्हणजे पिसे किती फुलतात याचे माप) डाऊन, म्हणजे बदक-हंसांची मऊ पिसे भरलेली, स्लीपिंग बॅग वापरतो आहे. बॅग मला मनापासून आवडली आहे. तरीही ती घेऊ पाहणाऱ्यांना पहिल्यांदा हेच सांगेन, की बॅगेवर छापलेला तापमानाचा आकडा एकट्या बॅगेच्या भरवशावर खरा ठरत नाही.

माझ्या बॅगेवर कम्फर्ट ० अंश आणि लिमिट उणे ६ अंश असे लिहिले आहे. हे आकडे आयएसओ २३५३७ या मानकानुसार, तापवलेला पुतळा आतले कपडे घालून, मॅटवर आणि बॅगेत झोपवून काढलेले असतात. कम्फर्टचा आकडा सैलावून झोपलेल्या प्रमाणित स्त्रीसाठी, तर लिमिटचा अंग आक्रसून झोपलेल्या प्रमाणित पुरुषासाठी धरतात. त्यामुळे स्त्री असो वा पुरुष, ज्याला शांत झोप हवी आहे त्याने कम्फर्टचाच आकडा पाहावा, असे माझे ठाम मत आहे.

मॅटचे महत्त्व मला या बॅगेमुळे पुरते पटले. पिसे ऊब धरतात ती त्यांच्यात अडकलेल्या हवेमुळे. पाठीखालची पिसे आपल्याच वजनाने दबली, की ती हवा निघून जाते आणि अंगातली उष्णता सरळ जमिनीत उतरते. बंदिस्त फोमच्या साध्या मॅटवर, तापमान शून्याच्या बरेच वर असतानाही, पहाटे कंबर आणि खांदे गार पडत. तीच मॅट हवेच्या मॅटखाली अंथरल्यावर त्याहून थंड रात्रीही झोप मोडली नाही. दोन मॅटच्या आर-व्हॅल्यूंची, म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेच्या आकड्यांची, सरळ बेरीज होते, हे फार उपयोगी आहे.

आता डाव्या बाजू. चेनच्या आतल्या बाजूची पातळ पट्टी दातांत वारंवार अडकते, विशेषतः गुडघ्यापाशी. पट्टीमागे बोट धरून सरकवली तरच चेन सुरळीत चालते. थंडीने बोटे बधिर झालेली असताना हे भलतेच त्रासदायक होते आणि या किमतीच्या वस्तूत ते खटकते. दुसरी अडचण ओलाव्याची. तंबूच्या भिंतीला पाय टेकून झोपल्यास सकाळी पायाकडचे कापड ओलसर लागते, चाचपल्यावर आतल्या पिसांच्या गुठळ्या हाताला जाणवतात आणि त्या भागाचा फुगीरपणा गेलेला असतो. म्हणून तंबूची झडप थोडी उघडी ठेवावी, गाडीत झोपल्यास काच किंचित खाली करावी आणि तोंड बॅगेत घालून श्वास घेऊ नये.

झोपण्यापूर्वी तासभर आधी बॅग पसरून झटकली, तर ती पूर्ण फुलते. घरी ती दाबून न ठेवता मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवतो. एकदा डाऊनसाठीच्या साबणाने धुतली. वाळवायला मात्र कमी आचेच्या ड्रायरमध्ये स्वच्छ टेनिस बॉल टाकून कित्येक तास द्यावे लागले, पण शेवटी सगळे कप्पे पूर्ववत फुलले.

कोरड्या थंडीत, पाठीवर सामान वाहून भटकणाऱ्यांना ही बॅग मी निःशंक सुचवेन. सतत पावसात किंवा दमट हवेत राहणाऱ्यांनी वजन जास्त पडले तरी सिंथेटिक बॅग घ्यावी, आणि पैसे मोजकेच असतील तर आधी मॅट चांगली घ्यावी.