हेड बांधताना व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा: जुन्या, नव्या की कडक?

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना भर मे महिन्यात इंजिन तापतं, गॅस्केट जातं आणि हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं. व्हॉल्व्ह घासून, सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) कापून झाल्या की व्हॉल्व्ह बंद ठेवणाऱ्या स्प्रिंगांचा प्रश्न येतो.

जुन्या ठेवायच्या तर आधी तपासा. मोकळी लांबी व्हर्नियरने मोजून मॅन्युअलशी ताडा. सपाट काचेवर उभी करून गुण्या लावा. वरचं टोक झुकलं तर बाद. गंजाचे खड्डे दिसले तरी बाद, तार तिथूनच तुटते. पण लांबी बरोबर आली म्हणून ताकद शाबूत आहे असं समजू नका. वर्षानुवर्षं गरम तेलात दबून स्प्रिंग ढिली पडत जाते. ते टेस्टरवर ठरलेल्या उंचीपर्यंत दाबल्यावरच किलोत कळतं. एवढं करणारा कारागीर मिळाला तर जुन्या चालतील. एरवी मूळ मापाचा नवा सेट घ्या, तोही पूर्ण.

कडक डबल स्प्रिंग मी घरच्या गाडीला सुचवणार नाही. तिचा फायदा फार वरच्या आरपीएमला, जिथे व्हॉल्व्ह कॅमची (त्याला उघडणाऱ्या फिरत्या उंचवट्याची) साथ सोडतो. आपण भुसावळ-जळगाव रस्त्यावर तिथवर जातच नाही. उलट कॅमच्या टोकावर सर्वांत जास्त दाब पडतो तो गाडी हळू चालताना, कारण तेव्हा स्प्रिंगचा जोर कमी करायला व्हॉल्व्हची गती नसते. बाजारातल्या गर्दीत, तापून पातळ झालेल्या तेलावर, कॅम आणि रॉकर (कॅमचा जोर व्हॉल्व्हवर देणारा हात) झिजणार ते असेच. कॅम बदलून लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते अंतर) वाढवली असेल तर गोष्ट वेगळी. मग पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांना टेकण्याआधी साधारण दीड मिलिमीटर जागा उरली पाहिजे.

वर निमुळत्या स्प्रिंगा हलक्या असतात, पण त्यांना वेगळा रिटेनर (स्प्रिंग धरणारी वरची टोपी) लागतो. साध्या इंजिनाला तो खर्च नको.

कोणतीही घ्या, खरा घोळ बसवण्यात होतो. हेड फेस केल्याने (खालची बाजू सपाट कापल्याने) स्प्रिंगची उंची बदलत नाही, सीट कापल्याने बदलते. सीट कापून, व्हॉल्व्ह घासून व्हॉल्व्ह अर्धा मिलिमीटर आत गेला की दांडी तेवढीच वर येते आणि स्प्रिंग तेवढी सैल बसते. मिलिमीटरला तीन किलोची स्प्रिंग असेल तर दीड किलो दाब गेला, नवी स्प्रिंग टाकूनसुद्धा. म्हणून स्प्रिंगखाली तेवढ्याच जाडीची शिम (पातळ चकती) घालायची. हेड ताब्यात घेताना प्रत्येक व्हॉल्व्हची बसवलेली उंची कागदावर लिहून मागा.