अडथळ्यावरची दोरी: पेनल्टी, प्रोजेक्टेड एसओआर की अ‍ॅक्टिव्ह सेट?

दोन खिळ्यांत ताणून बांधलेली दोरी घ्या आणि खालून तिला एक उंचवटा लावा. दोरी उंचवट्याला कुठवर चिकटून राहते आणि कुठे सुटते, हेच ऑब्स्टॅकल प्रॉब्लेममध्ये शोधायचं असतं. टेकलेला भाग आधी माहीत नसल्यामुळे साध्या समीकरणाच्या जागी व्हेरिएशनल इनइक्वॅलिटी, म्हणजे असमानतेची अट, येते. उत्तर असतं आणि एकच असतं, ही बाजू स्टाम्पाक्किया आणि लिओन्स या गणितज्ञांनी १९६० च्या दशकातच पक्की केली. संपर्काच्या कडेचा गुळगुळीतपणा काफारेल्ली यांनी १९७७ मध्ये उलगडला. प्रोजेक्टला बसलेल्या विद्यार्थ्याची अडचण मात्र साधी असते: कोड कुठल्या पद्धतीने लिहू?

त्याआधी एक उदाहरण हाताने सोडवून ठेवा. खिळे −१ आणि १ वर, उंचवटा ०.५ − क्ष². दोरी उंचवट्यापासून स्पर्शिकेच्या दिशेनेच सुटते, त्यामुळे संपर्क ±(१ − १/√२), म्हणजे ±०.२९२९ पर्यंत. आता तिन्ही पद्धती याच आकड्यावर घासून बघू.

पेनल्टीत अडथळा कडक नसतो, स्प्रिंगसारखा असतो. दोरी खाली गेली की खोलीला एप्सिलॉन या लहानशा आकड्याने भागून तेवढा जोर वर लावायचा. आपल्या उदाहरणात संपर्कात २ इतका जोर लागतो, म्हणून दोरी जवळपास २ एप्सिलॉन रुततेच: एप्सिलॉन ०.००१ असेल तर ०.००२. एप्सिलॉन फार लहान केला तर समीकरणांचं मॅट्रिक्स बिघडतं, म्हणजे आकडेमोडीतल्या बारीक चुका फुगतात. ग्रिडच्या (दोरीवर घेतलेल्या बिंदूंच्या) अंतराच्या वर्गाएवढा ठेवला तर सहसा निभतं. फायनाइट एलिमेंटचा (छोटे तुकडे पाडून सोडवण्याच्या पद्धतीचा) तयार कोड हाताशी असेल तर एक पद जोडून काम होतं, आणि पेनल्टी निवडायला मला तरी एवढं एकच कारण पटतं.

प्रोजेक्टेड एसओआर (सक्सेसिव्ह ओव्हर-रिलॅक्सेशन; क्रायर, १९७१) लिहायला सगळ्यात सोपी. प्रत्येक बिंदूवर शेजाऱ्यांची सरासरी घ्या, ओमेगा या १ ते २ मधल्या गुणकाने थोडी पुढे ढकला, अडथळ्याखाली गेली तर उचलून अडथळ्यावर ठेवा. दोरी कधीच रुतत नाही. पण ग्रिडचं अंतर निम्मं केलं की फेऱ्या साधारण दुप्पट होतात, आणि तेही ओमेगा नीट निवडला तर. ओमेगा १ च ठेवला तर चौपट. दोन फेऱ्यांतला फरक बारीक झाला म्हणून थांबू नका. उत्तर अजून लांब असतानाही तो बारीक दिसतो.

अ‍ॅक्टिव्ह सेटमध्ये टेकलेल्या बिंदूंचा अंदाज करून सरळ रेषीय समीकरणं सोडवायची. जिथे दाब (अडथळ्याने दोरीला वर लावलेला जोर) ऋण निघाला ते बिंदू सोडायचे, जिथे दोरी खाली गेली ते धरायचे. संच बदलायचा थांबला की त्या ग्रिडवरचं अचूक उत्तर हातात. ही पद्धत चार-पाच फेऱ्यांत संपते अशी ख्याती आहे. अंतर ०.०१ ठेवून सपाट दोरीपासून सुरुवात करून बघा: पहिल्याच फटक्यात −०.७० ते ०.७० धरलं जातं, आणि मग प्रत्येक फेरीत दोन्ही कडांचा एकेकच बिंदू सुटतो. ०.२९ वर यायला चाळीसहून अधिक फेऱ्या! मी तर एक अख्खी संध्याकाळ कोडमधली चूक शोधत बसलो होतो. चूक नव्हती, उंचवटा सगळीकडे खालीच वाकलेला असल्यामुळे ऋण दाब फक्त कडेला येतो. उपाय म्हणजे आधी जाड ग्रिडवर सोडवून तिथला संच बारीक ग्रिडला द्यायचा.

हे केलंत तर माझं मत अ‍ॅक्टिव्ह सेटला, विशेषतः संपर्काची कडच हवी असेल तेव्हा. तरी प्रोजेक्टेड एसओआरचा दहा ओळींचा कोड पडताळ्यासाठी बाजूला असू द्या.

अमेरिकन पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीला शेअर मुदतीआधी कधीही विकण्याचा हक्क, याचा भाव काढणं हाही असाच अडथळ्याचा प्रश्न, पण तिथली गोष्ट निराळी. (एनएसईवर शेअरचे ऑप्शन २०११ पासून युरोपियन पद्धतीचे, म्हणजे मुदतीच्या शेवटीच वापरता येणारे, असल्याने तिथे हा प्रश्न उरलेला नाही.) त्यात संपर्क एकाच बाजूला असतो. ब्रेनन आणि श्वार्ट्झ यांची १९७७ ची युक्ती वापरली, तर त्रिकर्णी मॅट्रिक्स (मुख्य कर्ण आणि त्याच्या शेजारचे दोन कर्ण सोडून बाकी शून्य) सोडवताना योग्य टोकाकडून येत दर पायरीला निघालेला भाव आणि लगेच हक्क वापरल्यास मिळणारी रक्कम यांतली कमाल घेतली की झालं. फेऱ्यांची भानगडच नाही.