साखर पेठेत बनवून घेतलेली बारा इंची पायरी

आठवी-नववीच्या स्टेप टेस्टसाठी (पायरीवर ठेक्यात चढउतार करायची आणि लगेच नाडी मोजून दम किती ते पाहायचं) मी जूनमध्ये सोलापुरात साखर पेठेतल्या एका सुतारमामांकडून लाकडी पेटी बनवून घेतली. १९ मिलिमीटरचा प्लाय, आतून दोन आडव्या पट्ट्या, वर खरखरीत रबर मॅट, रुंदी तीन फूट. १,९०० रुपये. पाच महिने वापरून लिहितेय.

आधी वर्गातला बाकच वापरायचे. तो अठरा इंच उंच. बुटक्या मुलांना दम लागायच्या आधी मांड्या भरून यायच्या, मग नाडी मोजून काय कळणार? १९४३ची हार्वर्ड टेस्ट तर वीस इंची पायरीवर पाच मिनिटं, मिनिटाला तीस वेळा. ती तरुण पुरुषांसाठी बेतलेली. शाळेत तीन मिनिटांचीच बरी: बारा इंच, मिनिटाला २४ चढउतार, आणि थांबताच खाली बसून पूर्ण एक मिनिट नाडी.

म्हणून मामांना बजावलं होतं, मॅट धरून बाराच इंच. पहिल्यांदा साडेबारा भरली. शिवाय आमची शहाबादी फरशी उंचसखल, पेटी डुगडुगायची. त्यांनी शाळेत येऊन खाली रबरी बुश बसवले आणि तेवढं खालून कापून उंची जुळवली. वरचे पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून पेटी जागची हललेली नाही.

ठेका मिनिटाला ९६ लागतो: वर, वर, खाली, खाली. मोबाइलचा मेट्रोनोम गोंगाटात ऐकू येईना. लेझीम पथकातला एक मुलगा हलगी वाजवतो, त्याच्या कानात इअरफोनवर मेट्रोनोम लावला आणि ठेका त्याच्याकडे दिला. नुसत्या अंदाजाने तो रंगात आला की लय चढायची. बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही आणून पाहिला, पण आकडा स्थिरावेपर्यंत नाडी उतरायला लागलेली असते. मनगटावरची दोन बोटंच खरी.

एका मुलीची नाडी जुलैत १३२ होती, रोज सकाळी पार्क मैदानावर पळायला लागली, नोव्हेंबरात ११४. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागलं की ठोके कमी पुरतात, हे तिने स्वतःच्या बोटाखाली मोजलं. नाडीवरून दम ठरवायचे तक्ते प्रौढांचे आहेत, म्हणून मी प्रत्येकाची तुलना त्याच्याच जुन्या आकड्याशी करते. सोलापूरचं ऊन नाडी चढवतं, त्यामुळे दोन्ही वेळा सकाळी साडेसातलाच. दमा किंवा हृदयाचा त्रास असलेली मुलं पायरीवर चढत नाहीत, ती नोंदी ठेवतात.

एक उणीव: उचलायला खाच नाही, दोघांना धरावी लागते. एका वेळी दोघंच चढतात, ४८ जणांना चार तासिका जातात. आणखी दोन पेट्या सांगितल्यात, बाजूला हात घालायच्या खाचेसह.