तीन इंची पाइप घेऊन गेलो, दोन इंची लावून आलो

कुर्ल्याला सीएसटी रोडवरून आत वळलं की गॅरेजांच्या रांगेत एक चिंचोळं दुकान लागतं. टर्बो गाड्यांचे पाइप, सायलेन्सर, रेडिएटरची डागडुजी, सगळं तिथेच. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे. मालक मूळचे चिपळूणकडचे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ आणि शिव्याही.

माझी गाडी जुनी ऑक्टेव्हिया आरएस, १.८ टर्बो. कंपनीतून आली तेव्हा १५० हॉर्सपॉवर, आता रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची सेटिंग बदलून, १८०च्या आसपास. हिचा मूळ इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबून गरम झालेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी, बंपरच्या कोपऱ्यात, चाकापुढे दडवलेला, जेमतेम डब्याएवढा. मे महिन्यात दोनदा जोरात ताणली की तिसऱ्यांदा गाडी मरगळलेली. म्हणून समोर, ग्रिलमागे बसणारा मोठा इंटरकूलर (कोअर) आणला. त्याची दोन्ही तोंडं अडीच इंची. टर्बोपासून कोअर आणि तिथून इंजिनापर्यंत हवा नेणारा पाइप मात्र तीन इंची टाकायचा, असं मी ठरवूनच टाकलं होतं. जितका जाड तितकी हवा, एवढं साधं गणित. कुंभारवाड्यातून ॲल्युमिनियमचा तीन इंची पाइप घेतला, लोकलच्या लगेज डब्यातून कुर्ल्याला आणला आणि ऐटीत चाचांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी पाइप उचलला, गाडीखाली सरकले आणि टर्बोच्या तोंडाशी धरला. "बघ इकडे. नळ एवढासा, आणि तू बाहेर गटार बांधतोयस." मग थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या तोंडाला, व्हर्नियर लावला. तेही अडीच इंचाच्या आतच निघालं. "दोन्ही टोकं बारीक आहेत ना रे? मग मधे हे पोट कशाला?"

तरी घरी येऊन मी आकडेमोड केलीच, चाचांवर विश्वास नव्हता असं नाही, पण खाज. दर १० हॉर्सपॉवरला इंजिन मिनिटाला साधारण अर्धा किलो हवा ओढतं. १८०ला आठेक किलो. ०.८ बार बूस्टला (टर्बोच्या जादा दाबाला), थंड झालेली ही हवा दोन इंची पाइपातून सेकंदाला चाळीसेक मीटर वेगाने जाते, गरम बाजूला पन्नासच्या आसपास. पाइपातला वेग सेकंदाला १३०-१४० मीटरच्या वर जाऊ देऊ नये, असा ढोबळ नियम आहे. घर्षणाचा तोटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दोन इंचीतही मी मर्यादेच्या निम्म्यावरसुद्धा नव्हतो. तीन इंचीचं क्षेत्रफळ दोन इंचीच्या सव्वादोन पट. त्याच प्रमाणात जास्त हवा कोंबावी लागणार, तेव्हा कुठे थ्रॉटलपाशी दाब तयार होणार. माझ्या अडीच मीटर पाइपात हा फरक सहाएक लिटरचा. फुल रेसवर तो क्षणात भरतो, पण सायन सर्कलला दुसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवर रांगताना पायाला जाणवतो. आणि मुंबईत आपण रांगतोच जास्त.

शेवटी ठरलं ते असं: टर्बोपासून कोअरपर्यंत दोन इंची, कोअरच्या तोंडाशी हळूहळू रुंदावत अडीच, आणि कोअरपासून थ्रॉटलपर्यंत अडीचच. मधे कुठेही पायरी नको.

चाचांचा खरा जीव बेंडवर. प्रेसमध्ये वाकवलेला एक जुना पाइप त्यांनी माझ्यासमोर ग्राइंडरने उभा कापला. वळणाच्या आतल्या बाजूला चुण्या पडलेल्या, आणि बाहेरून दोन इंची दिसणारा पाइप तिथे दोनतीन सूत दबलेला. "नावाला दोन इंची," म्हणाले. आपल्या कामात ते आत मँड्रेल (पाइप चेपू नये म्हणून आधाराचा दांडा) घालून वाकवलेलेच तयार बेंड वापरतात, आणि आर्गन वेल्डिंग झाल्यावर आत बोट फिरवून बघतात. माझंही बोट फिरवायला लावलं. गुळगुळीत. एका सांध्यावर मला मोहरीएवढा थेंब लागला, तो त्यांनी न बोलता घासून काढला.

फरक? ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या जोडणीवर, बघितलं: ईस्टर्न फ्रीवेवर चालती असताना इंजिनात जाणारी हवा बाहेरच्यापेक्षा आठदहा अंशच गरम. आधी तीस-पस्तीसचा फरक असायचा. सिग्नलला उभी राहिली की मात्र आकडा चढतोच, त्याला वारा लागतो आणि तो चाचा विकत नाहीत.

आता तक्रार. थ्रॉटलजवळच्या टोकाला जागा अडचणीची म्हणून त्यांच्या पोराने बीडिंग, म्हणजे होज अडून राहावा म्हणून पाइपाच्या टोकाला उठवायची कड, न करताच सिलिकॉन होज चढवला. टर्बोचं थोडं तेल पाइपात येतंच, तिथे ते ओशट झालं आणि चौथ्या दिवशी वडाळ्याच्या पुढे 'फट्' आवाज होऊन होज निसटला. मागे काळा धूर, गाडी आचके देतेय. एअर मास सेन्सर मोजतोय एवढी हवा, इंजिनात पोचतेय तेवढी नाहीच, मग पेट्रोल जास्त पडणारच. कडेला लावून, बॉनेट थंड होईस्तोवर घामाघूम होऊन, स्क्रू ड्रायव्हरने होज पुन्हा चढवला आणि पायाच्या अंगठ्याने जेमतेम गॅस देत घरी आलो. दुसऱ्या दिवशी चाचांनी पोराला झापलं, टोक उतरवून बीडिंग केलं, टी-बोल्ट क्लॅम्प लावले, मग कॉम्प्रेसरने हवा भरून साबणाच्या पाण्याने सगळे सांधे तपासले. पैसे घेतले नाहीत. पण ही तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती, आणि 'शनिवारी घेऊन जा' म्हटलेलं काम तिसऱ्या शनिवारी झालं, हेही लिहून ठेवतो.

पाइप, होज, वेल्डिंग, मजुरी मिळून साडेचौदा हजार. बिल मागितलंत तरच मिळतं. मागा, विमा कंपनीला फेरफार कळवताना लागतं. शुक्रवारी दुपारी जाऊ नका, दुकान बंद असतं. गाडी लावायला जागा नाही, सकाळी दहाच्या आत पोचलात तर गल्लीत मिळते.

माझा तीन इंची पाइप चाचांनी परत घेतला नाही, विकतही घेतला नाही. त्याचा वीतभर तुकडा कापून, खाली पत्रा जोडून टेबलावर उभा केलाय. वेल्डिंगच्या कांड्या ठेवायला.