झाडांखालच्या पुदिन्यासाठी गांडूळ खत: माल चोख, पोत्यावरचा दावा खोटा

पोत्यावर ठळक अक्षरांत छापलंय, ‘रासायनिक खताची गरज नाही’. तेवढी ओळ सोडली, तर या खताला नावं ठेवायला जागा नाही.

मुठीत दाबलं की लाडू वळतो, बोट टेकवलं की फुटतो. म्हणजे ओल बरोबर आहे, पाणी मारून वजन वाढवलेलं नाही. शेणाचा वास येत नाही. चाळलं तर वर काडीकचरा थोडाच उरतो आणि त्यात गांडुळांचे लिंबाच्या आकाराचे इवलेसे कोष सापडतात. खत चांगलं कुजलंय आणि वाळवताना भाजून निघालेलं नाही, हे त्यावरूनच कळतं.

आता हिशोब. पोत्यावर नत्र 1.5 टक्के दिलंय. एकरी दोन टन टाकलं तर 30 किलो नत्र, तेही सावकाश सुटणारं. तेलासाठी लावलेल्या जपानी पुदिन्याला एकरी 60 किलोच्या आसपास नत्र लागतं. उरलेल्या 30 किलोंसाठी साधारण 65 किलो युरिया धरावाच लागतो. झाडांखाली तर तो टाळूच नये. एक तर झाडांची मुळं वरच्या थरातलं नत्र पिकाच्या आधी ओढून घेतात. त्यात पानगळीचा न कुजलेला पाचोळा मातीत मिसळला गेला, की तो कुजवणारे जीवाणूही नत्र अडकवून ठेवतात. बुंध्याजवळचा पुदिना पिवळा दिसतो तो बहुतेक याच ओढाताणीमुळे, आणि लोक मात्र सगळा दोष सावलीला देतात!

माझी पद्धत सांगते. लागणीआधी सगळं गांडूळ खत वाफ्यात मिसळायचं, स्फुरद-पालाशही तेव्हाच द्यायचं. युरिया मात्र हप्त्यांनी: सकर (लागणीसाठी लावलेले जमिनीखालच्या खोडाचे तुकडे) फुटून जोम धरला की पहिला, पीक जमीन झाकायला लागलं की दुसरा, पहिल्या कापणीनंतर तिसरा. खुरपणी उरकून टाकायचा आणि लगेच हलकं पाणी द्यायचं. ओल्या जमिनीवर नुसता फेकून ठेवला तर अमोनिया होऊन हवेत जातो.

हात सैल सोडू नका. जास्त नत्राने पाला माजतो, दाटीत खालची पानं पिवळी पडून गळतात, आणि तेल तर पानातच असतं. झाडांखाली ऊन आधीच कमी, तिथे हे लवकर होतं. पैसे तेलाचे मिळतात, हिरव्या भाऱ्याचे नाहीत. म्हणून मी खताची पारख पाल्याच्या उंचीवर करत नाही, खालची पानं टिकली का ते बघते.

या खताचा खरा गुण मला दुसऱ्या कापणीला दिसतो. जमीन भुसभुशीत राहते, ओल टिकते, खोडव्याचे, म्हणजे कापणीनंतर पुन्हा वाढणाऱ्या पिकाचे, फुटवे एकसारखे येतात. नुसत्या युरियावर ही साथ मिळत नाही. मी हेच खत परत घेणार. कंपनीने तो दावा काढून त्या जागी युरियासोबत किती वापरायचं याचा तक्ता छापावा, नव्याने पुदिना लावणाऱ्याचा हंगाम वाचेल.