हातानं बनवलेला गेम कन्सोल: आठ महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, स्वस्तात होतं म्हणून याच्या नादी लागू नका. याच्या पोटातला छोटा कॉम्प्युटर, रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू, २०२१ साली १५ डॉलरला बाजारात आला, काडेपेटीहून थोडा लांब. माझे सहा हजार गेले ते बाकीच्या सामानावर. त्यात माझ्याच हातानं जळालेली एक स्क्रीनही आली.

पाय मात्र कधी कुरकुरला नाही. ५१२ एमबी रॅम आहे, पण जुने गेम चालवणारं रेट्रोपाय हे सॉफ्टवेअर टाकलं की लहानपणी बेळगावच्या शहापुरात भाड्यानं कॅसेट आणून खेळायचो ते सगळं पळतं. पहिल्या प्लेस्टेशनचे बरेच गेमही चालतात. निन्टेंडो ६४ चा नाद सोडा. स्क्रीन ३२० बाय २४० ची. पळापळीत चित्र जरा फाटतं, भाच्याला ते दिसतही नाही.

छळलं ते करंटनं. खेळ रंगात आला की कोपऱ्यात पिवळी वीज चमकायची आणि मशीन पहिल्यापासून सुरू. मला वाटलं, पायच गेला. ते चिन्ह व्होल्टेज ४.६३ च्या खाली उतरलं की येतं. मीटर लावला तर सेलचं व्होल्टेज पाचवर चढवणाऱ्या बूस्टरच्या तोंडाशी ५.१ आणि पायपाशी ४.५. मधे मी जुन्या इअरफोनची वायर जोडली होती, केसासारखी! जाड वायर टाकली, त्रास संपला.

सेल आधी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला होता. कोल्हापूरची बस संकेश्वरला पोचायच्या आत मशीन गप्प. मग २६०० एमएएचचा नवा १८६५० (लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसला गोल लिथियम सेल) घेतला. हिशेब सोपा: ३.७ व्होल्टनं साडेनऊ वॅट-तास, बूस्टर खातो ते सोडून आठ, मशीनला तासाला लागतात अडीच. म्हणजे तीन तास. आता तवंदी घाट उतरून कोल्हापूर स्टँड येईपर्यंत पुरतो.

चार्जिंगची टीपी४०५६ नावाची सर्किटची पट्टी चांगली, पण चार्जिंग चालू असताना खेळायचं नाही. पाय शेजारी बसून करंट ओढत असतो, त्यामुळे सेल भरला हे तिला कळत नाही. आता हे नऊ वर्षांच्या पोराला कोण सांगणार? "मामा, लाइफ एकच राहिलीय, एवढं होऊ दे की!" शेवटी चार्जिंगच्या भोकावर एक सरकती पट्टी बसवली. ती सरकवली की स्विच बंद होतो, तेव्हाच भोक उघडतं.

पहिली केस थ्रीडी प्रिंटची, पीएलए नावाच्या प्लास्टिकची. एप्रिलमध्ये खडेबाजारात स्कूटरच्या डिकीत विसरलो, दुपारी काढली तर पापडासारखी वाकलेली. साठ अंशाला पीएलए मऊ पडतं, हे ऐकलं होतं, पटलं तेव्हा. मग उद्यमबागेतल्या मित्रानं ॲल्युमिनियमच्या पत्र्याची झकास केस करून दिली. आणि वाय-फाय मेलं! पत्र्याच्या पेटीत अँटेना कोंडल्यावर दुसरं काय होणार. एका बाजूचा पत्रा कापून तिथं डब्याच्या झाकणाचं प्लास्टिक चिकटवलंय. दिसायला वाईट, चालायला उत्तम.

मेमरी कार्ड दोनदा खराब झालं, दोन्ही वेळा शटडाउन न करता थेट स्विच बंद केल्यामुळे. आता शटडाउनचं वेगळं बटण आहे आणि कार्डाची एक कॉपी कपाटात.

सध्या उडी मारायचं बटण दाबलं तर कधी लागतं, कधी नाही. बटण दोन रुपयांचं, पण पत्रा उघडायला सहा स्क्रू. रविवारी बघतो.